पाणपोई मे महिन्यात टिकली पाहिजे

गुढीपाडव्याच्या मागेपुढे विदर्भात फाट्याफाट्यावर पाणपोया उघडतात. नारळ फुटतो, हार चढतो, फोटो निघतात. मग मेचा तिसरा आठवडा येतो. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं पारा ४५च्या घरात असतो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस, तोंडावर आलेला असतो, आणि त्याच पाणपोईचा रांजण कोरडा दिसतो. तोटी गळत असते, खाली चिखल, चिखलावर गांधीलमाश्या. ज्या दिवसांसाठी ती मांडली, त्याच दिवसांत ती बंद. माणुसकीचं काम म्हटलं की आपल्या गावांना अजून पाणपोईच सुचते, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच ती अर्ध्यात पडलेली बघवत नाही. पाडव्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे अडीच महिने ती चालती कशी ठेवायची, तिची भिंत कशी रंगवायची आणि गावाची पाळी कशी बांधायची, याचाच हा तपशील.

आधी जागा. पाणपोई नेहमी सकाळी ठरवतात आणि तिथंच चूक होते. सकाळी दहाला जिथं गार सावली असते, तिथं दुपारी तीनला उन्हाचा लोळ आलेला असतो. जागा बघायची ती दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, प्रत्यक्ष तिथं उभं राहून. पश्चिमेकडून आडोसा हवा. एसटी थांब्यापासून पंधरा-वीस पावलांच्या पुढं गेलात तर बस सुटेल या धाकानं कुणी येत नाही. कडुनिंबाखाली उत्तम, कारण एप्रिलमध्ये त्याला नवी पालवी भरलेली असते. बाभळीची सावली विरळ आणि खाली काटे. झाडच नसेल तर मांडव घालावा. पण नुसतं टिनाचं छप्पर घालू नये. ते दुपारी वरून भट्टीसारखं तापतं आणि रांजणाचं पाणी कोमट होतं. आपल्याकडं कापूस-तूर निघाल्यावर पऱ्हाट्या आणि तुराट्या वावरात पडलेल्याच असतात. त्यांचा चार बोटं जाड थर, आठ फूट उंचीवर, बाजू मोकळ्या. टिन असेलच तर त्याच्यावर हाच थर टाकावा. पऱ्हाटी वाळलेली असते, म्हणून बिडी ओढणाऱ्याला दोन पावलं लांब बसवायचं, हे पाळीवाल्यानं लक्षात ठेवावं.

बाजू मोकळ्या का, तर रांजण गार होतो तो झिरपलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं म्हणून. चारी बाजूंनी तट्टे लावून बंद केलेल्या खोपटात वारा फिरत नाही, पाणी झिरपून नुसतं ओघळतं आणि आत तसंच कोमट राहतं. विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे, हे माठाच्या पथ्यावर पडतं. बाहेर ४४ अंश असताना चांगल्या माठातलं पाणी दहा-बारा अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरतं. जूनमध्ये वळवाचे ढग आले आणि हवा दमट झाली की तोच माठ गार करेनासा होतो. लोक म्हणतात माठ बिघडला. माठ ठीक असतो, हवा बदललेली असते.

पाणी किती लागेल? एक माणूस थांब्यावर अर्धा लिटर पितो. दिवसाला दीडशे माणसं येत असतील तर पिण्याचे ७५ लिटर. बाटल्या भरणं, तोंडावर पाणी मारणं, सांडणं आणि झिरपणं धरून १२० लिटर. चाळीस लिटरचा एक, असे तीन रांजण दिवसभराला आणि चौथा राखीव. भरायचे आदल्या संध्याकाळी. पाणी पुरतं गार व्हायला सहा ते आठ तास लागतात. सकाळी नऊला भरलेला रांजण दुपारी बारा वाजता, नेमक्या गरजेच्या वेळी, धड गार नसतो. राखीव रांजणाला दुपारी दोनच्या आधी हात लावायचा नाही.

रांजण घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघावा. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला. बद्द वाजला तर कुठंतरी तडा आहे किंवा भट्टीत कच्चा राहिलाय. ओला हातरुमाल बाहेरून फिरवला आणि ओल पटकन शोषली गेली तर छिद्रं मोकळी आहेत. नवा रांजण चोवीस तास पाण्यात बुडवून किंवा काठोकाठ भरून ठेवायचा, मग पहिली दोन-तीन पाणी झाडाला घालायची. आतून साबण कधीच नाही. मातीत साबण मुरतो आणि महिनाभर पाण्याला वास मारतो. घासायला नारळाची शेंडी आणि साधं पाणी, बस.

आता एक कळकळीची विनंती. रांजणावर ऑइल पेंट मारू नका. शोभेसाठी संपूर्ण रांजण लाल-पिवळा रंगवतात, वर वार्निशचा हात देतात. त्यानं सगळी छिद्रं बुजतात आणि शेकडो वर्षांची कुंभाराची विद्या एका डब्यानं निकामी होते. नक्षी हवीच ना? मग गळ्याला चार बोटं पट्टा, तोही गेरू आणि चुन्याचा. पोट उघडं ठेवायचं. नक्षीसाठी मागं अख्खी भिंत आहे, तिच्याकडं येतोच.

पूर्णेच्या दोन्ही काठांच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या बऱ्याच गावांत, रांजणावर दोन-तीन आठवड्यांत बाहेरून पांढरा थर धरतो. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि तेच छिद्रं बुजवतात. आठवड्यातून एकदा राखीव रांजण रिकामा करून बाहेरून काथ्यानं खरवडायचा, दिवसभर उन्हात वाळवायचा आणि दुसऱ्याशी अदलाबदल करायची. तरी हंगामाच्या शेवटी फरक पडतोच. म्हणून मागच्या वर्षीचा रांजण पुन्हा पिण्याला लावू नये. तो हातपाय धुण्याच्या पाण्याला चालतो.

रांजण जमिनीवर नको. घडवंची किंवा विटांचा ओटा, त्यावर घमेलंभर रेती, रेती ओली. तोटी जमिनीपासून अडीच फुटांवर आली की लहान पोरालाही पोचते आणि मोठ्याला फार वाकावं लागत नाही. तोटीचं भोक रांजणाच्या बुडापासून दोन इंच वर हवं, म्हणजे बसलेला गाळ पेल्यात येत नाही. दोन्ही बाजूंनी रबराचे वायसर लावायचे आणि नट हातानंच आवळायचा. पान्यानं आवळला की माती चिरते. गळती सुरू होते ती बहुतेक वेळा वायसर उन्हानं कडक झाल्यामुळं. दहा-बारा वायसर डबीत ठेवले की हंगाम निघतो. झाकण लाकडी, वर वीट. निंबोळ्या आणि पाखरांची विष्ठा आत जाऊ नये म्हणून.

रांजणाभोवती ओलं बारदान गुंडाळलं की पाणी आणखी गार होतं. पण कोणतं बारदान, हे महत्त्वाचं. तांदळाचं किंवा गव्हाचं तागाचं पोतं घ्या. खताचं, औषध लावलेल्या बियाण्याचं पोतं अजिबात नको. तसंच फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी पाणपोईच्या कुठल्याच कामाला आणू नये, रेती भिजवायलाही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले. त्या भागात तरी हे वेगळं सांगायला लागू नये, पण रिकामा डबा टाकवत नाही म्हणून तो पुन्हापुन्हा वापरात येतो.

पाणी कुठलं आणायचं, हा सगळ्यात नाजूक भाग. जवळचा हातपंप सोयीचा असतो, पण चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. उकळून, तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून ते जात नाही. चवीलाही कळत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारून त्या स्रोताचा तपासणी अहवाल बघावा. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो स्रोत सोडून द्यायचा. वाटसरू एकदाच पितो हे खरं, पण थांब्यावरचा टपरीवाला, ऑटोवाला आणि रोज येजा करणारी शाळकरी पोरं तेच पाणी रोज पितात.

निर्जंतुक करायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, गावात असतेच. हिशेब हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ज्या ५०० लिटरच्या टाकीतून रांजण भरायचे तिला अडीच ग्रॅम, चहाच्या सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त. ती थेट रांजणात टाकायची नाही. चाळीस लिटरला लागणारी चिमूट इतकी बारीक असते की हातानं हमखास जास्त पडते, पाण्याला वास येतो आणि लोक तोंड फिरवतात. टाकीतच करायचं: पावडर गडवाभर पाण्यात कालवायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं, गाळ फेकून द्यायचा. अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करायची. नमुन्याच्या पाण्यात ओटीच्या औषधाचा थेंब टाकल्यावर फिकट पिवळा रंग आला की ठीक. रंगच आला नाही तर पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातली टीसीएल ओल धरते, गोळे होतात आणि जोर जातो. हवाबंद डब्यात ठेवलेलीच वापरावी. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग चार पदरी फडक्यातून गाळणं, मग क्लोरीन. तुरटीनं पाणी नितळ होतं, जंतू मरत नाहीत. आणि रांजणात एक रात्र गेली की क्लोरीनचा असर उतरत जातो, म्हणून रोज संध्याकाळी उरलेलं पाणी ढोरांच्या टाक्यात किंवा झाडाला, आणि रांजण विसळून नवं पाणी. यात कंजुषी केली की आतून बुळबुळीत थर धरतो.

सांडपाण्याला तीन बाय तीन बाय तीन फुटांचा शोषखड्डा. खाली विटांचे मोठे तुकडे, वर गिट्टी, वर जाड रेती. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, तिथं खड्डा चार फूट खोल घ्यावा. मधमाश्या आणि गांधीलमाश्या ओलीवर येणारच. त्यांना हाकलण्यापेक्षा वीस-पंचवीस फुटांवर एक पसरट परात ठेवावी, त्यात गोटे, गोट्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी. चार दिवसांत त्या तिकडं वळतात. पाखरांचं बोळकं दोन इंचांहून खोल नको, आत एक दगड, मांजराची उडी पोचणार नाही अशा फांदीला. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास.

आता पाणी द्यायचं कसं. साखळीला बांधलेला एकच पेला सगळ्यांच्या तोंडाला लागतो, तो नको. तोटी आणि ओंजळ हे सगळ्यात चोख. ज्यांना ओंजळीनं पिता येत नाही त्यांच्यासाठी पाच-सहा स्टीलचे पेले पालथे घालून ठेवावेत, वरून प्यायचं, विसळून पालथा घालायचा. तोटीचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. जुन्या पाणपोयांवर पाणी ओतणारा बसलेला असायचा आणि समोरचा कोण हे बघून काहींना जवळून, काहींच्या ओंजळीत अंतर राखून वरून पाणी मिळायचं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, त्याला शंभर वर्षं होत आली. तोटी स्वतःच्या हातानं उघडता येते. कुणी कुणाला विचारायचं कारणच उरत नाही.

विचारण्यावरून सांगतो. पाळीवर बसलेल्या माणसानं "कोन्या गावचे?" एवढंही विचारू नये. आपल्याकडं त्या प्रश्नाच्या मागोमाग "कोनाकडचे?" येतो आणि तिसरा प्रश्न आडनावाचा असतो. अकोलीच्या भास्कर पाटलानं गजानन महाराजांना पाणी नाकारलं आणि महाराजांनी कोरड्या विहिरीला पाणी आणलं, ही कथा वऱ्हाडात घरोघरी सांगतात. सांगताना सगळ्यांचा भर विहिरीवर असतो. मला त्याच्या आधीचा भाग जास्त लागतो: भर उन्हात आलेल्या अनोळखी माणसानं पाणी मागितलं आणि त्याला आधी धडधाकट असून मागतोस म्हणून बोलणी खावी लागली. पाणपोईवर बोलायचं झालं तर "बसा जरा सावलीत" एवढंच पुरे. पिणाऱ्याचे फोटो काढू नयेत. तहानलेल्या माणसाला आपण कसे दिसतोय याचा विचार करायला लावणं बरं नव्हे.

थांब्यावर बस दोन मिनिटं थांबते. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, गरोदर बाई खाली उतरू शकत नाहीत. पाळीवाल्यानं पाण्याची घागर आणि नरसाळं घेऊन खिडक्यांपाशी जावं आणि खाली आलेल्या बाटल्या भराव्यात. आधी ड्रायव्हर-कंडक्टरला विचारलं की ते अर्धा मिनिट जास्त थांबतात. हे एवढं केलं तर पाणपोईची निम्मी उपयुक्तता इथंच साधते, असं माझं ठाम मत आहे. सोबत गुळाचे खडे ठेवावेत. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी ही आपली जुनीच रीत. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला की मुंग्या लागत नाहीत.

पन्हं रोज जमत नाही, आठवडी बाजाराच्या दिवशी करावं. एक किलो कैरी उकडून गर काढला, तेवढाच गूळ, मीठ आणि जिरेपूड घातली की पाच-सहा लिटर होतं, पंचवीस-तीस पेले. ते स्टीलच्या पातेल्यात ठेवायचं. रांजणात ओतलं तर गोडवा मातीत मुरतो, आंबतो आणि तो रांजण कायमचा गेला. बर्फाच्या कारखान्याची लादी त्यात फोडू नये. ती बहुतेक वेळा मासे-भाजी गार ठेवण्यासाठी बनवलेली असते.

एखाद्याला ऊन लागलेलं असतं. घेरी, मळमळ, पायात गोळे, पण माणूस शुद्धीवर आहे: लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यायचं. मीठ अंदाजानं नाही, चमच्यानं मोजूनच. ते जास्त पडलं तर अपाय होतो. अंग चटका लागेल इतकं तापलंय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा शुद्ध हरपतेय, तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. सावलीत आडवं करायचं, कपडे सैल, अंगभर ओलं फडकं, वारा घालायचा, आणि १०८ ला फोन. हा आकडा भिंतीवर लिहिलेला हवा.

तर भिंत. पाणपोईची भिंत अनोळखी माणसाला लांबूनच सांगते की हे तुझ्यासाठी आहे, विचारायची गरज नाही. एरवी तिथं काय असतं? देणाऱ्याचं नाव एक फुटाच्या अक्षरात, सोबत फोटो, आणि पाणी हा शब्द कोपऱ्यात. क्रम उलटा करा. दात्यांची नावं खाली एक इंचात, सगळ्यांची सारखी.

दहा फूट रुंद, सहा फूट उंच भिंत पुरते. जुना चुना सुटत असेल तर तारेच्या ब्रशनं खरवडून धुऊन घ्यायचा. सुटणाऱ्या थरावर कितीही महाग रंग मारला तरी तो पापुद्र्यासकट पडतो. कळीचा चुना दोन किलो आदल्या दिवशी लोखंडी घमेल्यात विरवायचा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. तो उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून या वेळी पोरं जवळ नकोत, आणि प्लॅस्टिकची बादली वितळते. दुसऱ्या दिवशी गाळून, भिजवलेला डिंक घालून, ओल्या भिंतीवर पातळ दोन हात. जाड एक हात मारला की पोपडे धरतात. काम सकाळी नऊच्या आत संपवायचं. तापलेली भिंत पाणी झटक्यात पिऊन टाकते आणि चुना भुकटीसारखा हाताला लागतो.

चुन्यावर सगळे रंग टिकत नाहीत. चुना तिखट असतो, स्वस्त गुलाबी-हिरवे रंग तो खाऊन टाकतो. उरलेले ऊन खातं. गेरू, पिवळी माती, नीळ पावडर आणि काजळी, हे चार टिकतात. यातच सगळं बसवायचं, आणि बसतं. एमल्शन परवडत असेल तर एक प्रायमर आणि दोन हात. या भिंतीला लिटरभर एमल्शन साधारण पुरतं. मग रंगांची मुभा वाढते. खालचा दीड फूट मात्र गडद गेरूचाच ठेवा. पावसाचे शिंतोडे, धूळ आणि खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पिचकाऱ्या तिथंच पडतात. थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा लावतात. मला ते पटत नाही. गावातल्या पोरांनी काढलेलं चित्र असलं की त्यांचेच काका-मामा तिथं थुंकायला धजत नाहीत, आणि बाहेरच्याला तेच टोकतात.

गेरूच्या पट्ट्यावर साडेचार फूट, म्हणजे ५४ इंच उरतात. सहा इंचांचं अक्षर साठ फुटांवरून सहज वाचता येतं. पण देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून सहा इंचांच्या ओळीला बारा इंच जागा धरायची. दोन ओळींना २४ गेले, चित्राला ३० इंच राहिले. सुताची दोरी निळीत बुडवून दोघांनी ताणून छापली की शिरोरेषा सरळ येते. अक्षरं आधी कोळशानं, ओळीच्या मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना. डावीकडून सुरुवात केली की शेवटची तीन अक्षरं हमखास चेंगरतात. मजकूर थोडा: "पाणी प्या. बाटली भरून घ्या." पांढऱ्यावर गडद निळा. चित्रात पळस फुललेला, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, रांजण, पाखरं. प्रत्येक पोराला एकेक फुटाचा चौकोन आखून द्यावा, नाहीतर मोठी पोरं सगळी भिंत घेतात आणि लहानी रंगाचे डबे धरून उभी राहतात. अक्षरं मात्र जाणत्या हाताकडून. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचे पडदे आणि बोर्ड रंगवणारे हात अजून आहेत, हंगाम ओसरला की त्यांना विचारावं, आणि मजुरी द्यावी. कुंभाराकडून रांजणही फुकट मागू नये. गावाच्या चांगुलपणाचा भार नेहमी हातावर पोट असणाऱ्यांवरच का पडावा?

आता पाळी. पाणपोई बंद पडते ती पैशाअभावी क्वचितच. बंद पडते ती पाळी तुटल्यानं, आणि ती कुठं तुटणार हे आधीच सांगता येतं. शाळेवर भिस्त ठेवली तर मेमध्ये शाळा बंद, आणि विदर्भात ती उघडते जूनच्या शेवटी. तेंदूपत्त्याच्या दिवसांत गडचिरोली-गोंदियाकडं घरंच्या घरं पहाटे रानात जातात. लग्नाच्या दाट तिथीला अख्खं गाव वऱ्हाडात. शेवटी मशागत. म्हणून एका दिवसाला दोन नावं, एक पाळीचं, एक बदलीचं, आणि दोन्ही एकाच घरातली नकोत, कारण लग्नाला घरच जातं. गुरुदेव सेवा मंडळ, भजनी मंडळ, महिला बचत गट यांना आठवडे वाटून द्यावेत. सेवा मंडळाच्या सायंप्रार्थनेला माणसं रोज जमतातच, तिथंच उद्याची दोन नावं मोठ्यानं वाचली की विसर पडत नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेली यादी कुणी उघडून बघत नाही. थांब्यावर काळी पाटी आणि खडू बरा.

काम फार नसतं. संध्याकाळी दोघांना चाळीस मिनिटं: रिकामे करणं, विसळणं, भरणं, बारदान भिजवणं. सकाळी सातला झाडलोट. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा चालायचा आणि कीर्तन रात्री, हा क्रम इथंही लागू आहे. आजूबाजूला खर्ऱ्याच्या पन्न्या आणि चहाचे कप पडलेले असले तर त्या पाण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. दुपारी एकला फक्त एक फेरी, रांजणात हात न घालता, बाहेरून वाजवून पाणी किती उरलंय ते बघायला. बोअर आटली किंवा वीज गेली तर टाकीत एक दिवसाचं पाणी शिल्लक असलंच पाहिजे. उद्याचं पाणी आज, हा नियम मोडला की दुसऱ्या दिवशी दुपारी पाणपोई कोरडी.

पहिला पाऊस पडला म्हणून लगेच आवरू नये. मधे चार दिवस उघाड पडते आणि ते ऊन आणखी जाचतं. दोन चांगले पाऊस होऊन पेरण्या सुरू झाल्या की रांजण रिकामे करून तीन दिवस पालथे वाळवायचे, तोट्या काढून तेल लावून डबीत, रांजण तणसात घालून ठेवायचे. बारदान ठेवू नये, ते कुजतं. पुढच्या हंगामाचे रांजण कुंभाराला दिवाळी झाली की सांगावेत, आणि तोटीचं भोक बुडापासून दोन इंचांवर हवं हेही तेव्हाच, कारण ते माती ओली असतानाच नीट पडतं. भाजल्यावर ड्रिलनं पाडलं तर दहातले दोन-तीन रांजण चिरतात.